‘पूर्वीचे नाव’ लिहिण्याची सक्ती हवी

जानेवारी २०२५ मध्ये लाखो लोकांच्या फोनवरच्या आणि लॅपटॉपवरच्या एका अ‍ॅपचं नाव बदललं. आधी ते ‘ऑफिस’ होतं, मग ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ झालं, आणि तेव्हापासून ते ‘मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलट’ आहे. आत वर्ड तोच, एक्सेल तोच, आपल्या फायलीही त्याच. पण याच नावाची आणखी एक सेवा आहे. ती कंपन्यांना दर कर्मचाऱ्यामागे वेगळे पैसे मोजून घ्यावी लागते. नुसतं ‘कोपायलट’, म्हणजे विचारलेल्याला उत्तरं देणारा मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस, हे तिसरंच अ‍ॅप. ते फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘बिंग चॅट’ म्हणून आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कोपायलट झालं. प्रोग्रामिंग करणाऱ्यांचं ‘गिटहब कोपायलट’ २०२१ पासूनचं आहे, आणि २०२४ पासून ‘कोपायलट प्लस पीसी’ या नावाने लॅपटॉपही विकले जातात. पाच वेगवेगळ्या वस्तू आणि नाव मात्र एक. यातली नेमकी कोणती बिघडली हे दुरुस्ती करणाऱ्याला फोनवर सांगायची वेळ आली, तर रोज संगणकावर काम करणारा माणूसही अडखळेल.

हा प्रश्न मला गंभीर वाटतो. तंत्रज्ञानावरच्या लेखनात त्याची बहुधा थट्टा होते, कंपन्यांच्या विचित्र नावांच्या याद्या फिरतात आणि विषय संपतो. पण ज्याच्या हातात ते अ‍ॅप असतं त्याचं काम अडतं, कधी पैसे जातात, आणि ‘हे आपल्याला जमणार नाही’ असं त्याच्या मनात कायमचं बसतं. म्हणून माझं म्हणणं सरळ मांडतो. रोजच्या वापरातल्या वस्तूचं नाव बदलायचा हक्क कंपनीला असू द्या, पण जुनं नाव पुसून टाकायचा नको. नाव बदलल्यावर निदान दोन वर्षं नव्या नावाखाली ‘पूर्वीचे नाव अमुक’ असं ठळक लिहायची कायद्याने सक्ती असावी.

महाराष्ट्रात ‘एमएससीआयटी झालंय का?’ हा प्रश्न नोकरीच्या प्रत्येक अर्जापाशी विचारला जातो. २००१ पासून तालुक्याच्या गावांतल्या केंद्रांवर लाखो मुलामुलींनी, गृहिणींनी, बदलीवर आलेल्या कारकुनांनी फी भरून संगणक शिकला. त्यात वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट आणि या सगळ्यांचं मिळून ‘ऑफिस’ हे पाठ झालं. इंग्रजी माध्यमातून आलेल्याला नवं नाव दिसलं की तो वाचतो, अंदाज बांधतो, इंग्रजीतली घोषणा शोधतो. इतरांचं शिक्षण असं होत नाही. त्यांनी नाव, चिन्ह, रंग आणि पडद्यावरची जागा एकमेकांना बांधून लक्षात ठेवलेली असतात. नाव काढून घेतलं की बाकीचंही सुटं होतं. कंपनीच्या लेखी ते मार्केटिंग असतं, पण शिकणाऱ्याने त्यासाठी वेळ आणि पैसा घातलेला असतो.

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात मोबाइल शिकवायच्या वर्गाला मी मदत करत असे. तिथे येणाऱ्या एका काकूंची दोनशेपानी वही होती. शिकलेलं सगळं त्या मराठीत उतरवून घ्यायच्या. बँकेच्या अ‍ॅपचं पान असं होतं: ‘निळा चौकोन, त्यावर पांढरं अक्षर. एकदाच दाबणे. चार आकडे. थांबणे. शिल्लक रक्कम दिसते. मागे यायला बाण.’ अ‍ॅपचं नाव वर लाल पेनाने, इंग्रजीतून, एकेक अक्षर सुटं. पुढे त्यांच्या बँकेने अ‍ॅपचं नाव बदललं आणि चिन्हाचा रंगही. इंग्रजीत एक मेसेज आला होता, जाहिरातींच्या मेसेजांत तो बुडाला. जुनं अ‍ॅप उघडेना, म्हणून काकूंनी वहीतलं नाव प्ले स्टोअरमध्ये टाकलं, तर सगळ्यात वर कुठल्याशा कर्ज देणाऱ्या अ‍ॅपची जाहिरात. वर्गात त्या आल्या तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “माझे पैसे आहेत ना हो तिथे?” पैसे होतेच. मी नवं अ‍ॅप उतरवून दिलं, वहीत नवं पान लिहून घेतलं. पण त्यानंतर त्या पासबुक भरायच्या रांगेतच दिसू लागल्या. नव्या अ‍ॅपच्या पानावर जुनं नाव एका ओळीत असतं, तर काकूंना ते त्यांचं त्यांनाच सापडलं असतं. एवढी त्यांची वही चोख होती.

याच्या उलट उदाहरणही आपण पाहिलेलं आहे. २००७ मध्ये ‘हच’चं ‘व्होडाफोन’ झालं तेव्हा ते देशभर कानीकपाळी ओरडून सांगितलं गेलं: हच आता व्होडाफोन आहे. सगळ्यांच्या ओळखीचा तो छोटा कुत्रा गुलाबी घरातून लाल घरात गेला, आणि जाहिरातीतलं एक अक्षरही न वाचणाऱ्याला कळलं की कंपनी तीच आहे, रंग तेवढा बदललाय. मुंबईतला एखादा जुना नंबर मॅक्स टच, ऑरेंज, हच, व्होडाफोन आणि २०२० पासून ‘व्ही’ अशा पाच नावांखालून गेला आहे. नंबर तोच राहिला, ग्राहक हरवला नाही, कारण त्या काळात जुनं नाव सांगून मग नवं सांगण्याची रीत होती. अ‍ॅपच्या जगात ती उरली नाही. इथे रात्री अपडेट येतं आणि सकाळी चिन्हाखाली दुसरंच नाव असतं.

गूगलचं या बाबतीतलं वर्तन मला सर्वांत खटकतं, कारण त्याचा भारताशी थेट संबंध आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांनी खास भारतासाठी ‘तेज’ हे यूपीआयचं अ‍ॅप आणलं. नाव आपलं, उच्चारायला सोपं. नोटाबंदीला वर्षही झालेलं नव्हतं, भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे नव्याने शिकत होते. वर्षभरात, ऑगस्ट २०१८ मध्ये, त्याचं ‘गूगल पे’ झालं. ते आपण पचवलं आणि ‘जीपे कर’ हे मराठीत रुळलं. दरम्यान अमेरिकेत गूगल वॉलेट आणि अँड्रॉइड पे एकत्र करून गूगल पे झालं होतं, पुढे २०२२ मध्ये वॉलेट परत आलं, आणि जून २०२४ मध्ये अमेरिकेतलं स्वतंत्र गूगल पे अ‍ॅप बंद झालं. भारतात मात्र गूगल पे चालूच राहिलं आणि मे २०२४ मध्ये त्याच्या शेजारी गूगल वॉलेटही आलं. त्यातून पैसे पाठवता येत नाहीत, तिकिटं, बोर्डिंग पास, कार्डं ठेवता येतात. म्हणजे न्यू जर्सीतला मुलगा पुण्यातल्या आईला सहज ‘वॉलेट उघड’ म्हणाला, तर दोघांच्या फोनवर त्या शब्दाचं काम वेगळं आहे. अर्थात गूगलला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

व्हिडिओ कॉलची गोष्ट याहून अवघड. करोनाच्या काळात महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळा गूगल मीटवर भरल्या. मुलं एका खोलीत, आई स्वयंपाकघरात, आणि घरात एकच फोन. याच अ‍ॅपचं नाव आधी ‘हँगआउट्स मीट’ होतं, ते एप्रिल २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत, बदललं. पुढे २०२२ मध्ये कंपनीने ‘ड्युओ’ या आपल्याच दुसऱ्या अ‍ॅपला मीटचं नाव आणि चिन्ह दिलं, आणि ज्यावर शाळा भरली होती त्या मूळ मीटच्या नावापुढे ‘ओरिजिनल’ असं जोडलं. काही काळ एकाच फोनवर दोन मीट होते, आणि खरा मीट म्हणून ओळखला जाणारा मीट निरोप घेणारा होता. यात तंत्राची अडचण नव्हती. कंपनीतल्या दोन विभागांनी आपापला हिशेब मिटवला आणि त्याचा भुर्दंड घरोघरी पडला.

कारणं शोधू गेलं तर बरीचशी अशीच कंपनीच्या आतली निघतात. नव्या विभागप्रमुखाला आपली छाप उमटवायची असते. भागधारकांना ताज्या लाटेवर आपणही आहोत हे दाखवायचं असतं. मागची तीन वर्षं ती लाट एआयची आहे, म्हणून जुन्या ओळखीच्या वस्तूंवर एआयचं नाव चिकटवलं जातं. लोक ऑफिस उघडणारच असतात, त्याचंच नाव कोपायलट ठेवलं की कोपायलटचे वापरकर्ते आपोआप वाढलेले दिसतात. लोकांनी निवड केली असं आकड्यांत दिसतं, प्रत्यक्षात निवड कुणी केलेलीच नसते.

आणि हा घोळ पैशापर्यंत जातो. ऑस्ट्रेलियातलं प्रकरण प्रत्येक ग्राहकाने वाचावं असं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने मायक्रोसॉफ्टवर खटला दाखल केला. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या घरगुती योजनांत कोपायलट घालून कंपनीने किंमत वाढवली होती. वैयक्तिक योजना वर्षाला १०९ ऑस्ट्रेलियन डॉलरवरून १५९ वर गेली, म्हणजे ४५ टक्क्यांहून जास्त वाढ. आयोगाचं म्हणणं असं की सुमारे २७ लाख ग्राहकांना दोनच पर्याय सांगितले गेले, वाढीव पैसे भरा किंवा वर्गणी बंद करा. प्रत्यक्षात तिसरा पर्याय होता. कोपायलट नसलेली, जुन्याच किमतीची योजना ‘क्लासिक’ या नव्या नावाने ठेवलेली होती, आणि ती दिसायची वर्गणी रद्द करायला निघालेल्यालाच. पुढच्याच महिन्यात कंपनीने ग्राहकांची माफी मागितली आणि परतावा देऊ केला. ग्राहक वर्षानुवर्षं जे वापरत होता, त्याचंच नाव बदलून ते आतल्या पानावर नेऊन ठेवलं होतं. ‘तुमची सध्याची योजना’ असं साधं लिहिलं असतं तर किती जणांनी जास्तीचे पैसे भरले असते?

दुसरा धोका चोरांचा, आणि भारतात तो जास्त मोठा. ‘तुमचं बँकेचं अ‍ॅप बदललं आहे, खालच्या लिंकवरून नवं घ्या’ असा मेसेज पाठवून एपीके फाइल (स्टोअरला वळसा घालून अ‍ॅप बसवणारी फाइल) फोनवर उतरवायला लावायची आणि खातं साफ करायचं, ही पद्धत आता गावोगावी माहीत आहे. ती चालते, कारण अ‍ॅप खरोखरच नेहमी बदलत असतात. नावं, चिन्हं, पत्ते सारखे बदलत राहिले की बदलाची सूचना विश्वसनीय वाटू लागते. आपण लोकांना बजावत राहतो, अनोळखी नावावर विश्वास ठेवू नका. मग ओळखीचं नाव टिकवायची जबाबदारी कुणाची?

रिझर्व्ह बँकेने ही जबाबदारी ओळखली, याचं मला मनापासून कौतुक आहे. सगळ्या बँकांनी आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत न्यावीत असा आदेश तिने दिला. तोही नावातलाच बदल आहे, पण त्याचा हेतू ग्राहकाची खात्री वाढवण्याचा आहे. तो पत्ता फक्त बँकेलाच मिळतो, आणि शेवट एकसारखा असल्यामुळे तो एकदा शिकला की सगळ्या बँकांना लागू पडतो. त्यामुळे बदल नकोच असं मी म्हणत नाही. कधी बदल टाळताही येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ‘स्कायड्राइव्ह’ला ब्रिटनमध्ये ‘स्काय’ या वाहिनीच्या कंपनीने न्यायालयात हरवलं, म्हणून २०१४ मध्ये ते ‘वनड्राइव्ह’ झालं. आणि कधी बदल होऊनही ग्राहकाला झळ लागत नाही. २०१५ मध्ये गूगलने ‘अल्फाबेट’ ही मूळ कंपनी केली, २०२१ मध्ये फेसबुक कंपनी ‘मेटा’ झाली. शोधायचं पान गूगलच राहिलं, अ‍ॅप फेसबुकच राहिलं. कागदावर हवा तो बदल करा, लोकांच्या हातातल्या वस्तूला धक्का लावू नका, हे कंपन्यांना कळत नाही असं नाही.

आता कायद्याकडे येतो, कारण माझ्या मागणीचा आधार तिथे आधीच तयार आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ प्रमाणे, एखाद्या कंपनीने गेल्या दोन वर्षांत नाव बदललं असेल तर कार्यालयाबाहेरच्या पाटीवर, पत्रांवर, बिलांवर नव्या नावाबरोबर पूर्वीचं नावही लिहावं लागतं. त्यामागचा विचार स्वच्छ आहे: तिच्याशी व्यवहार करणाऱ्याची फसगत होऊ नये. पण आज सामान्य माणसाचा व्यवहार कंपनीच्या पाटीशी नसतो, अ‍ॅपच्या चिन्हाशी असतो. दोन वर्षांचा तोच नियम अ‍ॅप, संकेतस्थळ आणि वर्गणीच्या योजनांना लावायचा, एवढंच करायचं आहे.

साध्या नागरिकाला आपण यात सवलत देत नाही. स्वतःचं नाव बदलायचं तर राजपत्रात प्रसिद्धी करावी लागते, आणि पुढे पासपोर्टपासून बँकेपर्यंत ते राजपत्र दाखवत फिरावं लागतं. शेताच्या सातबाऱ्यावर नाव बदललं तर फेरफाराची नोंद होते, तिला क्रमांक असतो, आणि शंभर वर्षांनीही आधी कुणाचं नाव होतं ते काढता येतं. एका गुंठ्याच्या बाबतीत जी काळजी आपण घेतो, ती कोट्यवधी लोक रोज पैसे पाठवतात त्या अ‍ॅपच्या बाबतीत घेऊ नये?

व्यापारचिन्हांचा कायदाही इथे अर्ध्या वाटेवर थांबतो. दोन वेगळ्या कंपन्यांची नावं सारखी झाली तर तो ग्राहकाचा गोंधळ होऊ नये म्हणून धावून येतो. कॅडिला नावाच्या दोन औषध कंपन्यांच्या २००१ मधल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मलेरियाच्या औषधांच्या सारख्या नावांचा विचार करताना म्हटलं होतं की भारतात एक समान भाषा नाही, खेड्यापाड्यातला, इंग्रजी न जाणणारा ग्राहक मोठ्या संख्येने आहे, तेव्हा गोंधळाची शक्यता त्याच्या बाजूने तपासली पाहिजे. हा मोठा विचार होता. पण एकाच कंपनीने आपल्याच पाच वस्तूंना एक नाव दिलं, किंवा एका वस्तूला पाच वर्षांत तीन नावं दिली, तर त्या ग्राहकाच्या बाजूने बोलणारं कुणी नाही. गोंधळ तोच, नुकसान तेच, फक्त तक्रार करायला समोर दुसरी कंपनी नसते.

नवा कायदा करायचीही गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. त्यानेच ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ग्राहकाला गुंडाळायच्या १३ युक्त्या नावानिशी नोंदवल्या: खोटी घाई, टोपलीत न मागता घातलेली वस्तू, रद्द करता न येणारी वर्गणी वगैरे. त्या यादीत चौदावी भर पडली पाहिजे. वापरात असलेल्या सेवेचं नाव पूर्वसूचनेशिवाय बदलणं, आणि नाव बदलताना त्याच झटक्यात किंमत किंवा अटी बदलणं, हीसुद्धा दिशाभूल मानावी. सूचना ज्या भाषेत अ‍ॅप वापरलं जातं त्याच भाषेत, म्हणजे फोन मराठीत असेल तर मराठीत, निदान दोन महिने आधी यावी. आणि जुन्या नावाने शोधलं तर स्टोअरमध्ये नवं अ‍ॅप जाहिरातींच्या वर दिसलं पाहिजे. ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती अ‍ॅप बनवणाऱ्यांवर कमी आणि स्टोअर चालवणाऱ्या दोन कंपन्यांवर जास्त आहे, म्हणून तिला विरोधही मोठा होईल.

हे सगळं आज कोण करतं ते पाहा. जुलै २०२३ मध्ये ट्विटरचं ‘एक्स’ झालं. त्यानंतर आपली मराठी वर्तमानपत्रं ‘एक्स (पूर्वीचे ट्विटर)’ असं लिहीत आली. उपसंपादकांनी वाचकासाठी हे काम कुणी न सांगता केलं, कारण नुसतं एक अक्षर छापलं तर बातमी कळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. एरवी हे काम घरातली मुलं करतात, सायबर कॅफेवाला करतो, बँकेतली काउंटरवरची मुलगी करते. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘रिमोट डेस्कटॉप’ या, दूरचा संगणक वापरायच्या, अ‍ॅपच्या जागी ‘विंडोज अ‍ॅप’ आणलं. ‘विंडोज अ‍ॅप चालत नाही’ अशी तक्रार आली की प्रत्येक कार्यालयातला आयटीवाला आधी विचारतो, कुठलं? कारण विंडोजवर चालणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपला लोक तेच म्हणतात. त्या प्रश्नोत्तरांत जाणारा वेळ कंपनीच्या खर्चात कुठेच धरलेला नसतो.

याने नव्या कल्पनांना खीळ बसेल, असा आक्षेप येईल. मला तो पटत नाही. अमेरिकेतल्या ‘एचबीओ मॅक्स’ या चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या सेवेने मे २०२३ मध्ये एचबीओ हे जुनं नावाजलेलं नाव काढून नुसतं ‘मॅक्स’ ठेवलं, आणि जुलै २०२५ मध्ये परत ‘एचबीओ मॅक्स’ केलं. दोन वर्षं जुनं नाव सोबत वागवावं लागेल हे आधीच ठाऊक असतं, तर अशा उड्या मारण्यापूर्वी कंपन्या दोनदा विचार करतील, आणि बदल खरोखर गरजेचा असेल तर तो नीट समजावून सांगतील.

दुसरा आक्षेप जागेचा. फोनच्या पडद्यावर चिन्हाखाली एक-दोन शब्दच मावतात, स्टोअरमध्ये अ‍ॅपच्या नावाला ३० अक्षरांची मर्यादा आहे, तिथे जुनं नाव कसं बसवायचं? चिन्हाखाली बसवू नका. गूगलच्या प्ले स्टोअरमध्ये नावाखालच्या थोडक्यात वर्णनाला ८० अक्षरं मिळतात, अ‍ॅपलच्या स्टोअरमध्ये उपशीर्षकाला ३०. सध्या ती जागा ‘जलद, सोपे, सुरक्षित’ अशा शब्दांनी भरलेली असते. ‘पूर्वीचे नाव’ या मजकुरासाठी तिथे वेगळा रकाना करून द्यायला प्राधिकरणाने दोन्ही स्टोअरना भाग पाडावं, आणि अ‍ॅप उघडल्यावरच्या पहिल्या पानावरही दोन वर्षं तीच ओळ राहावी.